मत देण्यापूर्वी उमेदवाराचे शपथपत्र कसे वाचावे

लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीतील प्रत्येक उमेदवाराला नामनिर्देशनपत्रासोबत नमुना २६ मधील शपथपत्र सादर करावे लागते आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. प्रचारसभेतील भाषणापेक्षा हा कागद रुक्ष खरा, परंतु निवड डोळसपणे करायची असेल तर वाचनाची सुरुवात येथूनच करावी.

प्रथम प्रलंबित गुन्ह्यांचा भाग पाहावा. केवळ गुन्ह्यांची संख्या मोजून मत बनवू नये. कोणती कलमे लावली आहेत आणि न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का, हे तपासावे, कारण आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा यांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे ठरेल. गुन्हे प्रलंबित असलेल्या उमेदवाराची निवड का केली, याची कारणे राजकीय पक्षाने प्रसिद्ध करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे, तीही वाचावीत.

त्यानंतर मालमत्ता, कर्जे आणि मागील पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतील उत्पन्न यांचा मेळ लावावा. उमेदवाराने पूर्वी निवडणूक लढवली असल्यास जुने शपथपत्र शेजारी ठेवावे. मात्र जमिनीचे भाव वाढल्यानेही आकडा फुगतो, म्हणून नवी खरेदी किती झाली हे वेगळे पाहावे.

शिक्षणाचा रकाना ओझरता पाहिला तरी चालेल.

शपथपत्रात खोटी माहिती देणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२५-अ नुसार गुन्हा असून, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.