वनस्पती पेशींचे प्रकार : या चुका टाळा

नववीत ऊतींचा धडा आला की विद्यार्थी आकृत्या पाठ करतात. परंतु समोरची पेशी जिवंत आहे की मृत आणि तिची भित्तिका कशामुळे जाड झाली आहे, हे दोन प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. उत्तरपत्रिकांतील बहुतेक चुकांचे मूळ याच दुर्लक्षात असते.

सर्वाधिक गल्लत स्थूलकोन आणि दृढ ऊतींची होते, कारण दोन्हींपुढे ‘आधार देणे’ एवढेच कार्य लिहिले जाते. स्थूलकोन पेशी जिवंत असतात आणि त्यांच्या कोपऱ्यांत सेल्युलोज व पेक्टिन साचलेले असल्याने वाढते खोड न मोडता वाकू शकते. दृढ पेशी पूर्ण वाढल्यावर बहुधा मृत असतात आणि त्यांच्या भित्तिका लिग्निनमुळे कठीण होतात. नारळाचा काथ्या म्हणजे याच ऊतीचे तंतू, तर पेरूच्या गरातील कचकच तिच्या अश्मपेशींची असते, हे मात्र सहसा कोणी लिहीत नाही.

हा फरक प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातली कोथिंबिरीची जुडी पुरेशी आहे. बारीक देठ नुसता हातात धरून कापला की काप जाड आणि तिरका येतो. म्हणून गाजराच्या तुकड्याला चीर देऊन त्यात देठ बसवावा आणि पाते ओले ठेवून दोन्ही एकत्र कापावेत. काप रंगवण्यासाठी वापरलेला सॅफ्रानिन हा लाल रंग जास्त वेळ राहिल्यास सगळाच काप लाल होतो आणि निष्कर्ष चुकतो. काप पाण्याने नीट धुतल्यावर लिग्निनयुक्त भित्तिका गडद लाल उरतात व देठाच्या कंगोऱ्यांखालील स्थूलकोन पेशी फिक्या दिसतात.

‘जलवाहिनी मृत, रसवाहिनी जिवंत’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. जलवाहिनीतील मूल ऊती, म्हणजे पातळ भित्तिकेच्या साध्या पेशींची ऊती, जिवंत असते आणि रसवाहिनीतील तंतू मृत असतात. रसवाहिनीत अन्न वाहून नेणाऱ्या चाळणी नलिकेच्या पेशीत केंद्रक नसले तरी ती जिवंतच असते, कारण शेजारची सहपेशी तिचे कामकाज सांभाळते.

वायू ऊती हा हवेच्या पोकळ्या असलेला मूल ऊतीचाच प्रकार असून तिचे काम केवळ पाण्यावर तरंगवणे नव्हे. ऐरोली किंवा वाशीच्या खाडीकिनारी तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे पाहावीत. तेथील चिखलात ऑक्सिजन अत्यल्प असल्याने हीच ऊती हवा खालच्या मुळांपर्यंत पोहोचवते. तिवरांना कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ती केवळ पाहावीत. कापासाठी जलपर्णीचा फुगीर देठ घ्यावा.

कांद्याच्या पातीची नव्हे, तर कांद्याच्या आतील पापुद्र्याची स्लाइड करून त्यात हरितलवके शोधणे हीदेखील नेहमीची चूक आहे. प्रकाश न मिळालेल्या त्या पेशींत ती नसतात. त्याऐवजी सोसायटीच्या बागेतील रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल सोलावी, म्हणजे जांभळ्या पेशींच्या मधे पर्णरंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी हिरव्या दिसतात.