पहिली रोड बाईक घेताना: आधी माप, मग गिअर, रंग सगळ्यात शेवटी

रोड बाईक (खाली वाकलेल्या हँडलची, बारीक टायरांची सायकल) घ्यायची म्हटलं की घरातला, ऑफिसातला आणि पोह्यांच्या ठेल्यावरचा प्रत्येक जण सल्ला देतो. "कार्बनचीच घे." "डिस्क ब्रेक नसेल तर घेऊच नको." "एकवीस गिअर हवेतच." यातले बहुतेक जण रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर सायकल घेऊन कधी दिसत नाहीत. इंदूरमध्ये नव्या मंडळींबरोबर सायकलच्या दुकानांत जाऊन जाऊन माझं एक मत पक्कं झालंय: पहिल्या सायकलीत फ्रेमचं माप सोडून सगळं नंतर बदलता येतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मापाला दिलीय.

पैसे

गिअरवाली नवी रोड बाईक साधारण तीस हजारांच्या आसपास सुरू होते. पन्नास हजारांच्या पुढे गेलात की चांगले भाग मिळायला लागतात. बजेट ठरवलंत की त्यातले सात-आठ हजार लगेच बाजूला काढा: हेल्मेट, दाब दाखवणारा पंप, एक जादा ट्यूब, पुढचा-मागचा दिवा आणि पॅडवाली शॉर्ट. (त्या शॉर्टच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. दुकानदार लाजून सांगत नाही, म्हणून मी सांगतो.) 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. त्यामुळे इंटरनेटवरच्या जुन्या किमती धरून बसू नका, नवा भाव विचारा.

कुठे चालवणार?

याचं उत्तर "सगळीकडे" असं देऊ नका. उज्जैन किंवा देवासकडे जाल तर रस्ता जवळजवळ सपाट, त्रास फक्त समोरच्या वाऱ्याचा. खंडवा रोडचं गणित वेगळं आहे. सिमरोळ मागे पडलं की रस्ता माळव्याचं पठार सोडून निमाडात उतरतो. उतरताना मजाच मजा, पण घरी यायचं तर तोच घाट चढून, तोही ऊन डोक्यावर आल्यावर. म्हणून पुढे 50 आणि 34 दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे सगळ्यात मोठी चकती निदान 32 दात्यांची, हे मी प्रत्येकाला सांगतो. मागे 25-28 वर संपणारा कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) पाहून "शर्यतीचा गिअर आहे" असं कोणी म्हणालं, तर त्याला एकदा घाटाखालच्या चोरलहून वर यायला सांगा.

गिअर आणि ब्रेक

गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीची उतरंड खालून वर अशी: टूर्नी (मागे 7 चकत्या), क्लॅरिस (8), सोरा (9), टियाग्रा (10), मग 105. पहिल्या सायकलीला क्लॅरिस पुरे. मायक्रोशिफ्ट कंपनीचा आठ गिअरचा संचही चालतो. टूर्नी मात्र मी टाळायला सांगतो, आणि कारण आकड्यांचं नाही. तिच्या रोड लिव्हरवर (ब्रेक आणि गिअरची मूठ) आतल्या बाजूला अंगठ्याने दाबायचं छोटं बटण असतं. हात हँडलच्या खालच्या वाकात असले की अंगठा तिथे नीट पोचत नाही. म्हणजे गिअर बदलायला नेमक्या वेगात हात उचलावा लागतो.

आणखी एक गोष्ट तपासा. मागच्या चाकावर आट्यांनी बसणारं जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील आहे की फ्रीहबवर (चाकाच्या तुंब्याचाच फिरणारा भाग) सरकवलेला कॅसेट? सात गिअरच्या स्वस्त सायकलींत बरेचदा फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग आत राहतं, आसाच्या टोकाला आधार कमी मिळतो, आणि वजनदार माणूस खड्ड्यातून गेला की आस वाकतो. दुकानदाराला सरळ विचारा. त्याला फरक सांगता आला नाही तर दुसरं दुकान बघा.

डिस्क ब्रेकचा हट्ट नको. स्वस्त मेकॅनिकल डिस्कपेक्षा चांगल्या रबरांचा साधा रिम ब्रेक (चाकाच्या कडेला धरणारा) हलका, सोपा आणि गल्लीतल्या मिस्त्रीलाही जुळवता येणारा. फक्त त्या फ्रेममध्ये 28 मिमीचं टायर बसतं का हे बघून घ्या. आपल्या रस्त्यांवर 23 मिमी म्हणजे हौस.

माप

इथेच माणसं अडकतात, आणि इथलाच सल्ला सगळ्यात वाईट मिळतो.

दुकानात काय होतं ते सांगतो. तुमची उंची विचारतात. पाच फूट चार. भिंतीवरचा तक्ता बघतात, "एस" निघतो. "एस" दुकानात नसतो. मग एम फ्रेम पुढे येते: "सीट नीचे कर देंगे, हो जाएगा." सीटपोस्ट (सीटखालची दांडी) आत ढकलतात, इतकी की बाहेर जेमतेम दोन बोटं उरते. सीट रुळांवर पूर्ण पुढे सरकवतात. माणूस बसतो, पाय पुरतात, फोटो निघतो, पैसे जातात. दोन-तीन आठवड्यांनी हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागतं, मान आखडते आणि सायकल बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे जाते.

सीट खाली केल्याने पायांचा प्रश्न सुटतो, हातांचा नाही. फ्रेम मोठी असली की हँडल लांब जातं, आणि ते अंतर सीट पुढे ओढून कमी करायचं नसतं. सीटची जागा पायडलच्या हिशेबाने ठरते. ती हँडलसाठी हलवलीत तर हात वाचतील, गुडघे बोंबलतील.

उंचीचा तक्ता विसरा. एकाच उंचीच्या दोघांच्या पायांत चार-पाच सेंटीमीटरचा फरक सहज असतो. घरी हे करा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरा, त्याची एक कड भिंतीला टेकवा आणि सीटवर बसल्यासारखं घट्ट वर ओढा. लाजून ढिलं धरलंत तर माप चुकेल. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. तीनदा मोजा, सरासरी धरा.

त्या आकड्याला 0.67 ने गुणलं की जुन्या पद्धतीचं फ्रेमचं माप (सीटखालच्या नळीची लांबी) साधारण मिळतं. 0.883 ने गुणलं की सीटची उंची, म्हणजे क्रँकच्या (पायडलचे दांडे जिथे फिरतात तिथल्या) मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. पाय 75 सेंमी भरले तर फ्रेम 50 च्या आसपास आणि सीट 66 सेंमीवर. हे सुरुवातीचे आकडे आहेत. टाच पायडलवर ठेवून ते अगदी खाली नेल्यावर पाय सरळ झाला, कंबर न हलता, तर उंची ठीक आहे.

आता खरं काम. एस, एम, एल या अक्षरांवर विश्वास ठेवू नका, एका कंपनीचा एस दुसऱ्या कंपनीच्या एमएवढा निघतो. कंपनीच्या संकेतस्थळावर भूमितीचा तक्ता असतो, त्यात दोनच ओळी वाचा: स्टॅक आणि रीच. क्रँकच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालची फ्रेमची नळी) माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. स्टॅकला रीचने भागा. 1.5 च्या जवळ किंवा वर आलं तर बसणं उभट, नव्या माणसाच्या कमरेला झेपेल असं. 1.4 च्या आसपास आलं तर ती शर्यतवाल्यांची फ्रेम. दिवसभर संगणकासमोर बसून रविवारी सायकल काढणाऱ्याने तिच्या नादी लागू नये, ती कितीही देखणी असो.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. लहान फ्रेममध्ये सीटपोस्ट वर काढता येते, स्टेम (हँडल धरणारा आखूड दांडा) एक सेंटीमीटर लांब लावता येतो. मोठी फ्रेम लहान करता येत नाही. स्टेम फार आखूड केला की सायकल हातात चुळबुळ करते. अपवाद एकच: लहान मापात हँडल सीटच्या फारच खाली जात असेल आणि तुमची पाठ वाकत नसेल, तर ते मॉडेलच सोडा. आणि घेताना हँडलखालच्या कड्या काढू देऊ नका, स्टिअरर नळी (पुढच्या काट्याची, जिच्यावर स्टेम बसतो ती) कापू देऊ नका. कापलेली नळी परत वाढत नाही.

बायकांसाठी म्हणून गुलाबी रंगाची सायकल दाखवतील. रंग बघू नका, हँडलची रुंदी आणि ब्रेक लिव्हरचं अंतर बघा. हँडल खांद्यांच्या हाडांइतकं रुंद हवं. बोटं लहान असतील तर बहुतेक लिव्हर स्क्रूने जवळ आणता येतात. ते दुकानातच करून घ्या.

आणि हाताला मुंग्या आल्या की जो "जेलचे हातमोजे घे" म्हणतो, त्याचं ऐकू नका. आधी सीटचं नाक खाली झुकलंय का बघा, मग रीच. हातमोजे शेवटी.

चालवून बघणं

दुकानासमोरच्या गल्लीत एक फेरी पुरेशी नाही. निदान पंधरा मिनिटं मागा. हात ब्रेकच्या मुठीवर ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं, खांदे कानाला चिकटलेले नकोत. मित्राला बाजूने फोटो काढायला सांगा. आरशात आपण स्वतःला खोटं सांगतो, बाजूच्या फोटोत ते जमत नाही. चालवू देत नसतील तर पैसे परत खिशात.

जुनी घ्यायची असेल तर

2020 च्या लॉकडाउननंतर उत्साहाने घेतलेल्या आणि मोजक्याच चाललेल्या सायकली अजून बाजारात आहेत, सौदे चांगले होतात. ॲल्युमिनियमची घ्या, जुनी कार्बन फ्रेम नको, आतली चीर डोळ्यांना दिसत नाही. हेड ट्यूब आणि क्रँकजवळचे वेल्डिंगचे सांधे उजेडात तपासा, चाक फिरवून रिम डुलते का बघा, चेन घासली असेल तर नव्या चेनचे पैसे किमतीतून कापा. मूळ बिल मागा. माप मात्र इथेही सोडायचं नाही. स्वस्त मिळतेय म्हणून मोठी फ्रेम उचलणारे मी रामबागेपासून राऊपर्यंत पाहिलेत.

घरी आणल्यावर

व्हॉल्व्ह बहुधा बारीक, प्रेस्टा जातीचा असेल. पेट्रोल पंपावरचं नळकांडं त्याला बसत नाही, पितळेचा छोटा ॲडाप्टर घेऊन ठेवा. 28 मिमी टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर 75 ते 85 पीएसआय. टायरवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही मर्यादा आहे, तिथपर्यंत भरायलाच हवं असं नाही. हवा दर आठवड्याला बघा.

नव्या केबल पहिल्या दोनशे किलोमीटरांत थोड्या सैल पडतात, गिअर खडखडायला लागतात. सायकल बिघडली असं समजू नका. दुकानाची पहिली मोफत सर्व्हिस तेव्हा घ्या, स्पोकचा ताण तपासायला सांगा, आणि सीटची उंची त्यांनी बदलली नाही ना हे टेपने मोजूनच बाहेर पडा.