चुरशीच्या लढतीत आपल्या अ‍ॅटर्नी जनरलसाठी पाठिंबा कसा उभा करावा

२०२२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात अ‍ॅटर्नी जनरलपदाची, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याची, निवडणूक फेरमोजणीपर्यंत गेली. सुमारे २५ लाख मतांतून क्रिस मेझ २८० मतांनी निवडून आल्या. आमच्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं जमतात. तेव्हापासून ‘माझ्या एका मताने काय होणार’ हे वाक्य मी कुणाचंही निमूट ऐकून घेत नाही.

भारतात राज्याचा महाधिवक्ता राज्यपाल नेमतात. अमेरिकेत ४३ राज्यांत हे पद लोक मतदानाने भरतात, आणि इथे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींतल्या कितीतरी जणांना ते मतपत्रिकेवर असतं हेच ठाऊक नसतं. तुमच्या राज्यात सध्या पदावर असलेली व्यक्ती पुन्हा यावी असं मनापासून वाटत असेल, तर असं कामाला लागा.

आधी स्वतःची कागदपत्रं बघा. ग्रीन कार्ड असेल तर बहुतेक राज्यांत देणगी देता येते, मत देता येत नाही. एच-वन बी म्हणजे नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर एक डॉलरही देऊ नका, खिशातून पत्रकंही छापू नका. ही बंदी राज्याच्या निवडणुकीलाही लागू आहे. विनामोबदला फोन करणं, दारोदार जाणं मात्र चालतं. पुण्याहून आईबाबांनी किंवा मित्राने दिलेले पैसे आपल्या नावावर भरणं हा सरळ गुन्हा आहे. महाराष्ट्र मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था असेल, तर त्याच्या व्यासपीठावरून किंवा ईमेल यादीवरून प्रचार करू नये. सगळ्या उमेदवारांना सारखं बोलावून प्रश्नोत्तरं ठेवता येतात. आणि संपर्क प्रचार कार्यालयाशीच करा, सरकारी कार्यालयाशी नाही.

मग काम समजून घ्या. ‘आपल्या पक्षाचे आहेत’ एवढ्यावर काठावरचा मतदार वळत नाही. ग्राहकांची फसवणूक, ओपिऑइड म्हणजे व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक औषधांच्या कंपन्यांवरचे दावे, घरमालकांविरुद्धच्या तक्रारी यांत तुमच्या राज्यात नेमकं काय झालं ते शोधा. त्यातल्या दोनच गोष्टी पाठ करा, ज्या तुम्हाला स्वतःला पटल्या आहेत.

वीस नावांची यादी करा. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड टाकून मोकळे होऊ नका, फोन उचला. गव्हर्नरसाठी मत देऊन खालची पदं कोरी सोडणारे बरेच असतात, म्हणून थेट विचारा: “काकू, बॅलट आली का? गव्हर्नरच्या खाली अ‍ॅटर्नी जनरल आहे, तेवढं भराल ना?” समोरचा नाही म्हणाला तर वाद घालू नका. पुढचं नाव घ्या.

पैसे लवकर गोळा करा. शेवटच्या आठवड्यात आलेल्या देणगीतून फारसं काही उभं राहत नाही. घरी दहा जणांना चहा-पोह्यांना बोलवा, प्रचारातल्या कुणाला बोलायला बोलवा, आणि रक्कम सांगून मागा. मर्यादा प्रत्येक राज्याची वेगळी असते, व्हर्जिनियात तर ती नाहीच. तेव्हा आकडा प्रचार कार्यालयाला विचारूनच सांगा.

मतपत्रिकेचा पाठपुरावा करा. अ‍ॅरिझोनात टपाली मतदान २७ दिवस आधी सुरू होतं. मतपत्रिका निवडणुकीच्या दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत पोहोचावीच लागते, पोस्टाचा शिक्का कामी येत नाही. “द्या काकू, तुमचीही टाकते” हा आपला प्रेमळ स्वभाव इथे आवरा. अ‍ॅरिझोनात घरच्यांची, एकाच घरात राहणाऱ्यांची किंवा आपण ज्यांचा सांभाळ करतो त्यांचीच मतपत्रिका नेता येते.

लिफाफ्यावरच्या सहीकडेही लक्ष द्या. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी जेवणाच्या टेबलावर बसून, आयुष्यभराच्या सवयीने, झोकदार मराठीत सही केली. नोंदीत त्यांची सही इंग्रजीत होती. मतमोजणीच्या कार्यालयातून फोन आला, पण अनोळखी नंबर म्हणून त्यांनी तो उचलला नाही. सुदैवाने सुनेने निरोप ऐकला, काकूंना घेऊन गेली आणि त्यांचं मत मोजलं गेलं. अ‍ॅरिझोनात सही जुळवून द्यायला मतदानानंतरही काही दिवस मुदत असते. तेव्हा निकालाच्या रात्री टीव्ही बंद केलात तरी यादी फेकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वीस जणांना पुन्हा फोन करा आणि विचारा, “तुमची मतपत्रिका मोजली गेल्याचं तपासलंत का?”