कर्नल थ्रेड आणि सिग्नल: नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

युजर स्पेसमध्ये काही वर्षं सी लिहून कर्नलच्या कामाकडे वळलेल्या बहुतेकांचा पहिला गोंधळ सिग्नलपाशी होतो. सिग्नल आला की हँडलर चालतो, सिगकिल आला की प्रोसेस मरते, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कर्नल थ्रेडमध्ये, म्हणजे फक्त कर्नलच्या आतच चालणाऱ्या थ्रेडमध्ये, यातलं काहीच आपोआप होत नाही. ड्रायव्हर आणि स्टोरेजच्या कामात नव्या लोकांना शिकवताना मी सुरुवात इथूनच करतो, कारण पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ इथेच असतं.

आधी स्वतः बघा. लिनक्स मशीनवर पीएस -ईएफ (सगळ्या प्रोसेसची यादी) चालवा. चौकटी कंसात नावं दिसतात ते कर्नल थ्रेड. त्यांचा पालक केथ्रेडडी, पीआयडी २. प्रॉक डिरेक्टरीतली त्याची स्टेटस फाइल उघडली की सिगइग्नच्या ओळीत सलग १६ एफ दिसतात. म्हणजे ६४ च्या ६४ सिग्नल दुर्लक्षित. त्याने जन्माला घातलेल्या थ्रेडना हे वारशाने मिळतं, म्हणून रूट होऊन किल -९ मारलं, म्हणजे सिगकिल पाठवला, तरी त्यांना काही होत नाही.

समजा, थ्रेडने अलाउ_सिग्नल() हे फंक्शन वापरून सिगकिल मान्य केला. तरीही तो मरत नाही! युजर प्रोसेसचे सिग्नल हाताळले जातात ते कर्नलमधून युजर मोडमध्ये परतताना, आणि कर्नल थ्रेड तिकडे कधी जातच नाही. त्याच्यासाठी सिग्नल म्हणजे वर झालेला एक फ्लॅग. तो बघायचा, उतरवायचा आणि काय करायचं ते ठरवायचं, हे सगळं तुमच्या कोडचं काम.

तो उतरवायचा राहिला की काय होतं, हे आमच्या टीममध्ये एकदा चांगलंच दिसलं. एका मॉड्यूलचा थ्रेड काम नसताना वेट_इव्हेंट_इंटरप्टिबल() मध्ये झोपायचा, म्हणजे ठरलेली कंडिशन खरी होईपर्यंत किंवा सिग्नल येईपर्यंत. त्याने सिगकिल मान्य केलेला होता. टेस्टिंग करताना कोणीतरी किल -९ मारलं आणि टॉपमध्ये हा थ्रेड एक सीपीयू पूर्ण १०० टक्के खाताना दिसू लागला. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, एकही एरर नाही. रिटर्न व्हॅल्यू प्रिंट केली तेव्हा उलगडा झाला: दर वेळी -५१२, म्हणजे उणे ईरीस्टार्टसिस, सिग्नलमुळे वाट बघणं मोडलं हे सांगणारा कोड. सिग्नल पेंडिंग असेल आणि कंडिशन खरी झालेली नसेल, तर हे फंक्शन झोपत नाही, लगेच परत येतं. कोड ती व्हॅल्यू तपासत नव्हता, त्यामुळे लूप फिरतच राहिला. उपाय एवढाच: सिग्नल_पेंडिंग(करंट) तपासा आणि फ्लश_सिग्नल्स(करंट) करा. कोणता सिग्नल आला ते हवं असेल तर कर्नल_डीक्यू_सिग्नल() आहे.

माझं स्पष्ट मत आहे की थ्रेड थांबवण्यासाठी सिग्नल वापरूच नये. त्यासाठी केथ्रेड_स्टॉप() आहे. ते थांबण्याचा बिट लावतं, थ्रेडला जागं करतं आणि तो संपेपर्यंत वाट बघतं. फक्त झोपण्याच्या कंडिशनमध्ये केथ्रेड_शुड_स्टॉप() हवंच. नाहीतर थ्रेड क्षणभर जागा होतो, आपली कंडिशन बघतो आणि पुन्हा झोपतो. तिकडे मॉड्यूल काढणारी आरएमएमॉड कमांड डी स्टेटमध्ये, म्हणजे सिग्नलनेही न मोडणाऱ्या झोपेत, अडकते आणि १२० सेकंदांनी हंग टास्कचा इशारा लॉगमध्ये येतो.

दोन्ही पद्धती एकत्र केल्या तर आणखी धोका. सिगकिल बघून थ्रेड स्वतःच रिटर्न झाला, त्याचा टास्क_स्ट्रक्ट (थ्रेडची कर्नलमधली नोंद) मोकळा झाला, आणि नंतर मॉड्यूल काढताना कोणी केथ्रेड_स्टॉप() बोलावलं, तर ते मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लावतं. हा बग दर वेळी दिसत नाही, म्हणून फार छळतो. एक तर थ्रेडने केथ्रेड_शुड_स्टॉप() खरं होईपर्यंत थांबावं, नाहीतर थ्रेड बनवणाऱ्या कोडने गेट_टास्क_स्ट्रक्ट() ने आधीच रेफरन्स धरून ठेवावा.

सिग्नल नीट वापरलेलं कोड वाचायचं असेल तर जेएफएफएस२ या फ्लॅशसाठीच्या फाइल सिस्टमची बॅकग्राउंड डॉट सी ही फाइल घ्या. छोटी आहे, एका बैठकीत होते. फ्लॅशवरचा कचरा गोळा करणारा तिथला थ्रेड सिगकिल, सिगस्टॉप आणि सिगहप एवढेच मान्य करतो. सिगहप म्हणजे ‘ऊठ, काम आलंय’. प्रत्यक्ष सफाईच्या फेरीत मात्र तो सिगहप ब्लॉक करतो, म्हणजे चालू काम मध्येच तुटत नाही. स्टॉप आणि किल तेव्हाही चालतात. सिग्नल आला की एकेक काढून बघण्याची तिथली लूप हाताने कागदावर उतरवून काढा.

सिग्नल घ्यायचाच नसेल, तर थ्रेड इंटरप्टिबल झोपवण्याचं कारण उरत नाही. पूर्वी लोक तसं करायचे, कारण अनइंटरप्टिबल (सिग्नलने न मोडणारी) झोप लोड ॲव्हरेजमध्ये, म्हणजे मशीनच्या सरासरी भारात, मोजली जाते. २०१५ मध्ये, लिनक्सच्या ४.२ या आवृत्तीत टास्क_आयडल ही झोपेची अवस्था आली: सिग्नलने उठत नाही आणि लोडही वाढवत नाही. नव्या कोडमध्ये वेट_इव्हेंट_आयडल() वापरा.