फुकट मिळालेला जुना कॉम्प्युटर मुलांसाठी घरी जोडताना

ऑफिसातून मिळालेला डेस्कटॉप लगेच लावू नका. वायर काढून कॅबिनेट उघडा, पंख्यातली धूळ ब्रशने झाडा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गच्च भरलेला पंखा मशीन तापवून बंद पाडतो. नुसतं बीप-बीप होऊन स्क्रीन काळीच राहिली, तर रॅमच्या (आतल्या मेमरीच्या काढता येणाऱ्या पट्टीच्या) सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या पुसा आणि टक्‌ आवाज येईपर्यंत दाबून बसवा. बहुतेकदा एवढ्यावरच भागतं. तारीख सारखी मागे जात असेल, तर आतल्या मुख्य बोर्डावरचा सीआर २०३२ हा गोल, नाण्यासारखा सेल बदला, नाहीतर वेबसाइट उघडायच्या नाहीत.

४ जीबी रॅमला विंडोजऐवजी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी, तीही मोफत. ती टाकायला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो.

नेटसाठी डोंगल कशाला? मोबाइल केबलने जोडून मोबाइलच्या सेटिंगमधलं यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा. पर्याय चालू होत नसेल तर केबल नुसती चार्जिंगची असू शकते. बालभारतीची पुस्तकं मात्र एकदाच उतरवून ठेवा, डेटा वाचतो.