बॅकहोचा डिझेल पंप स्वतः बदलताना

दिंडोरी, निफाड आणि सिन्नरच्या शिवारांत शेततळी व चर खोदणाऱ्या बॅकहोंना डिझेल पुष्कळदा कामाच्या जागीच बॅरलमधून भरले जाते. पावसाळ्यात त्या बॅरलमध्ये पाणी शिरते आणि उन्हाळ्यात धूळ. इंजेक्टरना ठरावीक वेळी दाबाने डिझेल पुरवणाऱ्या रोटरी डिझेल पंपाच्या आतील भागांना डिझेलखेरीज दुसरे वंगण नसल्यामुळे अशा डिझेलने ते गंजतात, झिजतात आणि अखेरीस अडकतात. म्हणून पंप उतरवण्यापूर्वी टाकीच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. त्यात पाणी दिसल्यास टाकी धुतल्याशिवाय नवा पंप बसवू नये, कारण तोही तसाच खराब होईल. चोंदलेला फिल्टर, कमजोर फीड पंप (टाकीतून डिझेल पुढे पाठवणारा), लाइनमध्ये शिरलेली हवा किंवा स्टॉप सोलेनॉइडला (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेला) न पोहोचणारी वीज यांची लक्षणे पंप गेल्यासारखीच असतात, तेव्हा ही कारणे आधी तपासून वगळावीत.

पुढील कृती गिअरवर चालणारा यांत्रिक रोटरी पंप असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनासाठी आहे. कॉमन रेल इंजिनातील (ज्यात सर्व इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळते) दाब १,००० बारच्याही पुढे जातो, त्यामुळे ते काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडेच सोपवावे.

यंत्र सपाट जागेवर उभे करून बकेट जमिनीला टेकवावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. पंपाभोवतीचा भाग डिझेलने व ब्रशने स्वच्छ करावा. लाइन काढताना नटाखालचा होल्डर दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा आणि उघडे पडलेले प्रत्येक तोंड लगेच टोपणाने बंद करावे, कारण मातीचा एखादा कणही नोजल खराब करण्यास पुरेसा असतो.

टायमिंगच्या, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ जुळवण्याच्या, कामात मात्र अजिबात घाई करू नये. इंजिन हाताने फिरवून पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या स्थितीत) आणावा. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा पंप एकदाच फिरतो, त्यामुळे केवळ फ्लायव्हीलची खूण जुळणे पुरेसे नाही. त्या वेळी पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही व्हॉल्व्हचे रॉकर सैल असले पाहिजेत आणि चौथ्याचे व्हॉल्व्ह उघडझाप करण्याच्या बेतात असले पाहिजेत. ही खात्री राहून गेली, तर नवा पंप एक्झॉस्टच्या वेळी डिझेल फवारेल आणि इंजिन सुरूच होणार नाही. यानंतर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे पंपाचा शाफ्ट लॉक करावा, फ्लँज (पंपाची बोल्टने बसणारी कडा) आणि टायमिंग केस (गिअरवरील आवरण) यांवर एकच सरळ रेघ ओढावी आणि गिअर पुलरनेच सैल करावा. हातोडा वापरू नये. नट किंवा चावी (गिअर शाफ्टवर नेमक्या जागी धरणारा धातूचा तुकडा) केसमध्ये पडू नये म्हणून खाली कापड ठेवावे आणि पंप बाहेर असताना क्रँक मुळीच फिरवू नये.

नवा पंप बसवताना शाफ्टचा निमुळता भाग पुसून कोरडा ठेवावा, चावी नीट बसली आहे हे पाहावे आणि नट मॅन्युअलमधील टॉर्कनेच आवळावा. बँजो बोल्टचे (डिझेलच्या नळ्या जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवे घ्यावेत. शाफ्टचे लॉक सोडून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. डिझेल किती सोडायचे हे ठरवणाऱ्या सीलबंद स्क्रूला हात लावू नये. ती जुळवणी टेस्ट बेंचवरच होते.

हँड प्रायमरने आधी फिल्टरची, मग पंपाची हवा काढावी. त्यानंतर इंजेक्टरकडील नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर थोडा थोडा वेळ, मध्ये विश्रांती देत मारावा आणि बुडबुडे थांबले की नट आवळावेत. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. उच्च दाबाची धार कातडीत घुसल्यास जखम लहान दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे, कारण अशा इजेला तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते.

पहिल्यांदा सुरू करताना एका मदतनिसाने एअर इनटेकजवळ जाड फळी घेऊन उभे राहावे, म्हणजे इंजिन आवरले नाही तर हवा रोखता येईल. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर टायमिंग बहुधा मागे असते. टणटण आवाज आला, तर पुढे. अशा वेळी इंजिन बंद करावे, फ्लँजचे नट सैल करून पंप खाचेत अगदी किंचित फिरवावा, नट आवळून मगच पुन्हा सुरू करावे.