छतातून पाणी ठिबकतंय? भांडायच्या आधी या चुका टाळा

सोलापुरात नळाला रोज पाणी नाही, म्हणून अपार्टमेंटच्या गच्चीवर काळ्या टाक्यांची जत्रा भरलेली असते. पाणी आलं की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू. कुणाची तरी टाकी भरून वाहते, स्लॅबला ओल धरते, आणि जिन्यात आवाज चढतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाणी कुठून येतंय हे न बघताच वरच्याचं दार वाजवणं. जुळे सोलापुरातल्या आमच्या सोळा फ्लॅटच्या सोसायटीत मी सेक्रेटरी होतो, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी वरच्या वहिनींशी दोन महिने अबोला धरला होता. "त्यांचंच बाथरूम गळतंय की ओ!" शेवटी आम्ही वरच्या नहाणीच्या जाळीत कापड कोंबलं, दोन बोटं पाणी भरलं, त्यात नीळ घातली आणि रात्रभर ठेवलं. सकाळी काकांच्या छतावर निळा डाग नाही, ओलही वाढलेली नाही. नळाचा कॉक बंद करून पाहिला, तरी ओल तशीच. गळत होता तो बाहेरच्या भिंतीवरचा सामाईक ड्रेनेज पाइप, सांध्यापाशी तडकलेला. काकांनी वहिनींना सॉरी म्हटलं नाही, पण पुढच्या संक्रांतीला तिळगूळ दिला.

ढोबळ खूण सांगतो. पावसातच ओल वाढली तर गच्ची किंवा बाहेरची भिंत बघा. दिवसरात्र सारखीच असेल तर नळाची लाइन. आंघोळी-धुण्याच्या वेळी वाढली तर नहाणी.

मग खर्च कुणाचा? सोसायटीच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सहकार खात्यानं दिलेल्या नमुना नियमांत, हे स्पष्ट आहे. गच्ची, जिना, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप, पंप, पाण्याच्या टाक्या, पावसाची गळती हे सगळं सोसायटीकडे. फ्लॅटच्या आतली फरशी, सिंक, संडास-बाथरूमची गळती सभासदाकडे. "गच्ची वरच्या मजल्याची, आम्ही तळमजल्यावर राहतो, आम्ही का भरू?" हा युक्तिवाद चालत नाही. लिफ्टचंही तसंच, वापरा नाहीतर वापरू नका.

पण आधी आपली नोंदणी सहकारी सोसायटी म्हणून आहे की अपार्टमेंट म्हणून, ते तपासा. पाटीवर 'अपार्टमेंट' लिहिलंय म्हणून काही ठरत नाही. 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र (इमारत त्या कायद्याखाली आणणारा नोंदणीकृत दस्त) झालं असेल, तर सामाईक खर्च त्यातल्या प्रत्येकाच्या हिश्श्याच्या टक्केवारीनं वाटतात. इमारत नवी असेल तर घाईनं स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करू नका. ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे त्यानं तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो.

रागाच्या भरात मेंटेनन्स थांबवणं हा तर स्वतःच्या पायावर धोंडा. तुमची तक्रार खरी असली तरी थकबाकीदार तुम्हीच ठरता. थकबाकीवर उपविधींप्रमाणे सरळ व्याज लागू शकतं, आणि सोसायटी सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा आदेश, आणू शकते. उलट कमिटीनंही 'पाणी तोडतो' ही धमकी देऊ नये. तो अधिकार तिला नाही.

शेवटची चूक चुकीच्या दारात उभं राहण्याची. उपनिबंधक कार्यालयात लोक गळतीचे अर्ज घेऊन खेटे घालतात. पण सोसायटीतला दुरुस्तीचा आणि गळतीचा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयाचा आहे. तिथं तोंडी भांडण कामाला येत नाही, कागद लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी कमिटीला तारखेसह अर्ज द्या, ओलीचे फोटो जोडा, आपल्या प्रतीवर 'मिळाले' अशी सही घ्या. सही द्यायला कुणी कांकूं केलं तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती फाइलीला लावा.